रेकमेंड्स तुटलं तरी दिवा हिरवाच? डेबियनच्या मंडळींना खुलं पत्र

डेबियन या मोफत लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमची पॅकेजं, म्हणजे सॉफ्टवेअरचे गठ्ठे, सांभाळणारी मंडळी, रिलीज टीम, क्वालिटी टीम, आर्काइव्ह म्हणजे या पॅकेजांचं कोठार बघणारे एफटीपी मास्टर्स आणि या सगळ्यांत मिसळून काम करणारे आपले मराठी लोक, सगळ्यांना नमस्कार.

पत्र मराठीत लिहितेय कारण दुखणं मराठीचं आहे आणि आधी ते आपल्या माणसांनी वाचावं असं मला वाटतं. पटलं तर पुढे इंग्रजीत बग रिपोर्ट मीच टाकीन, पण त्याआधी चार जाणकारांनी "बाई, इथे तुझं चुकतंय" किंवा "हो, हे बरोबर आहे" एवढं सांगितलं तरी मला बळ येईल. पत्र लांबलंय, माफ करा, पण विषयच असा आहे की दोन ओळीत लिहिला तर कोणाला कळणार नाही आणि ज्याला कळतो त्याला तो किरकोळ वाटतो.

मी पूर्वी पुण्यात सर्व्हर सांभाळायचं काम करायचे, आता सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहते आणि इथल्या एका वाचनालयाचे बारा पीसी बघते. जुने आहेत, दान आलेले, डिस्क छोट्या, रॅम बेताची. त्यावर डेबियन आहे, कारण अशा मशीनवर दुसरं काही धड चालत नाही आणि मला तेच येतं. येणारी माणसं कोण, तर स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पोरं, सातबारा बघायला येणारे शेतकरी, सकाळी पेपर वाचायला येणारे निवृत्त गुरुजी. यातल्या कोणाला डेबियन म्हणजे काय ते माहीत नाही आणि माहीत असायची गरजही नाही.

झालं काय, एकदा सगळे पीसी नव्याने भरायचे होते आणि मी आजारी, म्हणून दुसऱ्या कोणीतरी मदत केली, एक इमेज, म्हणजे तयार सिस्टिमची नक्कल, करून बाराही पीसींवर उतरवली. जागा वाचावी म्हणून त्यांनी ॲप्टच्या, म्हणजे पॅकेजं बसवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, सेटिंगमध्ये रेकमेंड्स, म्हणजे एका पॅकेजने सोबत सुचवलेली दुसरी पॅकेजं आणणं, बंद ठेवलेलं. चांगल्या हेतूनेच केलं होतं, सर्व्हरवर आम्हीही असंच करायचो. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी पेपरची साइट उघडली आणि पानभर नुसत्या चौकटी. प्रत्येक चौकटीत चार बारीक आकडे, क च्या जागी ०९१५, र च्या जागी ०९३०, असं सगळं पान. गुरुजींना वाटलं त्यांच्या हातून काहीतरी बिघडलं, ते उठून गेले आणि दोन दिवस आलेच नाहीत. मला या गोष्टीचं जास्त वाईट वाटलं, पीसीचं काय, तो दुरुस्त होतो.

मी गेले, टर्मिनल उघडलं. ॲप्ट-गेट चेक चालवलं, काही तक्रार नाही. ॲप्टच्या खाली काम करणाऱ्या डीपीकेजीचं ऑडिट चालवलं, एक ओळ नाही. तुटलेलं पॅकेज शून्य, अर्धवट बसलेलं शून्य. म्हणजे मशीनच्या हिशोबाने ते बाराही पीसी ठणठणीत होते, फक्त त्यावर मराठी वाचता येत नव्हतं. देवनागरीचा एकही फॉन्ट नव्हता, कारण फॉन्ट आणणारं नातं रेकमेंड्सचं होतं आणि रेकमेंड्स बंद होतं.

चूक त्या सेटिंगची, डेबियनची नाही, हे इथेच स्वच्छ लिहून ठेवते. फॉन्ट टाकले, पाच मिनिटांत प्रश्न मिटला. पण माझ्या डोक्यातून ते हिरवं उत्तर जाईना, आणि त्यानंतरचे कित्येक दिवस मी तुमची तपासणीची सगळी यंत्रणा वाचत बसले, काय तपासलं जातं, कोण तपासतं, काय अडतं आणि काय नुसतं यादीत जाऊन पडतं. त्यातून जे कळलं त्यासाठी हे पत्र.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डेबियनमध्ये प्रत्येक पॅकेज आपली नाती लिहून ठेवतं. डिपेंड्स म्हणजे याच्याशिवाय मी चालणारच नाही, पुरणपोळीत पुरण नसेल तर ती पुरणपोळीच नाही तसं. रेकमेंड्स म्हणजे पोळीवरचं तूप, नसलं तरी पोळी होते पण आपल्याकडे तुपाशिवाय कोणी वाढत नाही. सजेस्ट्स म्हणजे सोबत कटाची आमटी, केली तर उत्तम. शिवाय कॉन्फ्लिक्ट्स, ब्रेक्स, प्रोव्हाइड्स वगैरे आहेत. या नात्यांहून वेगळी गोष्ट म्हणजे प्रायॉरिटी: रिक्वायर्ड, इम्पॉर्टंट, स्टँडर्ड, ऑप्शनल. पूर्वी एक्स्ट्रा पण होती. एखादं पॅकेज मूळ सिस्टिमला किती जवळचं ते यावरून ठरतं, आणि अगदी बारकी सिस्टिम उभी करणारं डीबूटस्ट्रॅप ह्या प्रायॉरिटीवरच चालतं, रिक्वायर्ड आणि इम्पॉर्टंट घेतं, त्यांचे डिपेंड्स घेतं, संपलं. रेकमेंड्सकडे ते बघतही नाही.

आता तपासणी. ट्रिक्सी, म्हणजे डेबियन १३, ९ ऑगस्ट २०२५ ला आलं त्यात ६९ हजारांहून जास्त पॅकेजं आहेत. एवढ्यांची नाती माणूस डोळ्यांनी तपासू शकत नाही, आणि नुसतं "हे नाव आर्काइव्हमध्ये आहे का" बघून भागत नाही. अ ला ब किंवा क पाहिजे, ब चं ड शी भांडण, क ला नेमकं ड च पाहिजे, मग अ बसेल की नाही? युरोपियन युनियनच्या पैशावर चाललेल्या एडॉस नावाच्या प्रकल्पात रोबेर्तो दि कोस्मो, राल्फ ट्रायनेन, जेरोम व्हुयों या संशोधकांनी हा प्रश्न धरला, आणि दाखवून दिलं की एखादं पॅकेज बसवता येईल का हा प्रश्न एनपी-कम्प्लीट आहे, म्हणजे गणिताच्या भाषेत कठीणातल्या कठीण जातीचा. तरी प्रत्यक्षातल्या पॅकेजांवर सॅट सॉल्व्हर, म्हणजे अशी तर्काची कोडी सोडवणारा प्रोग्रॅम, लावला तर अख्खं आर्काइव्ह मिनिटांत तपासून होतं. त्यातूनच एडॉस-डेबचेक हे तपासणीचं साधन आलं, पुढे डोस आलं, आणि आज रोज तुमच्याकडे प्रत्येक आर्किटेक्चरवर, म्हणजे प्रोसेसरच्या प्रत्येक प्रकारावर, काय बसत नाही याची यादी निघते. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरंच भारावून गेले, अहो एवढं कठीण गणित आणि ते कुठल्यातरी गावातल्या वाचनालयाच्या पीसीपर्यंत रोज येऊन पोचतंय, कोणाला पत्ता नाही.

प्रायॉरिटीचीही अशीच तपासणी होती. जुना नियम असा की वरच्या प्रायॉरिटीच्या पॅकेजने खालच्या प्रायॉरिटीच्या पॅकेजवर डिपेंड करायचं नाही. स्टँडर्ड पॅकेजला ऑप्शनल लायब्ररी (दुसऱ्या प्रोग्रॅमांना लागणारा सामाईक कोड) लागत असेल तर ते उल्लंघन, मशीनने पकडायचं, यादीत टाकायचं. तर्क सरळ होता: स्टँडर्ड सिस्टिमचे सगळे तुकडे स्टँडर्डमध्येच पाहिजेत. मशीनला हे तपासणं एकदम सोपं, दोन शब्दांची तुलना. पण मग व्हायचं काय, तर उल्लंघन मिटवायला त्या लायब्ररीची प्रायॉरिटी वर चढवली जायची. म्हणजे जिचं नावही वापरणाऱ्याला माहीत नाही अशी लायब्ररी स्टँडर्ड किंवा इम्पॉर्टंट होऊन बसायची. पुढे त्या लायब्ररीचं नवं व्हर्जन नव्या नावाने यायचं, सगळे तिकडे जायचे, आणि जुनी लायब्ररी वरच्या प्रायॉरिटीत तशीच, कोणालाही नको असताना डीबूटस्ट्रॅप तिला निमूटपणे नव्या सिस्टिममध्ये टाकत राहायचं, जोपर्यंत एफटीपी मास्टर्सपैकी कोणी ओव्हरराइड फाइलमध्ये हाताने दुरुस्ती करत नाही तोपर्यंत. शेवटी खरी प्रायॉरिटी तिथे ठरते, पॅकेजवाल्याने कंट्रोल फाइलमध्ये काहीही लिहिलेलं असो.

२०१७ मध्ये पॉलिसीची, म्हणजे डेबियनच्या नियमावलीची, ४.०.१ ही आवृत्ती आली आणि तुम्ही हा नियम काढून टाकला. वरच्याने खालच्यावर डिपेंड केलं तरी चालेल, लायब्ऱ्या जवळजवळ सगळ्या ऑप्शनल, एक्स्ट्रा बाद, आणि प्रायॉरिटी ठरवायची ती वापरणाऱ्याला थेट काय मिळतं त्यावरून. मला हा निर्णय मनापासून आवडतो. कारण मशीनला तपासायला सोपा असलेला नियम तुम्ही सोडलात आणि ज्या कामासाठी प्रायॉरिटी होती त्या कामाकडे परत गेलात. तेच मला रेकमेंड्सच्या बाबतीत मागायचंय.

रेकमेंड्सची तुमच्याच पॉलिसीतली व्याख्या साधारण अशी आहे की नातं घट्ट आहे पण अगदी अनिवार्य नाही, काही अपवाद सोडले तर जिथे हे पॅकेज तिथे तेही असणारच. लेनी या आवृत्तीपासून, म्हणजे २००९ पासून, ॲप्ट रेकमेंड्स आपोआप बसवतं. म्हणजे सगळ्यांनी धरून चाललंय की ते येणार. पण ब्रिटनी, म्हणजे ताज्या पॅकेजांच्या अनस्टेबलमधून पुढच्या रिलीजची तयारी होते त्या टेस्टिंगमध्ये कोण जाणार ते ठरवणारा प्रोग्रॅम, ती रेकमेंड्स बघत नाही. ती वय बघते, अर्जन्सीप्रमाणे २, ५ किंवा १० दिवस, रिलीज अडवणारे नवे बग बघते, आणि हे पॅकेज आत घेतल्यामुळे दुसरं कोणी बसेनासं होतंय का ते बघते, पण हे "बसेनासं" म्हणजे फक्त डिपेंड्सच्या हिशोबाने. एखादं पॅकेज काढून टाकायचं असेल तेव्हाही त्याच्यावर कोण डिपेंड आहे हे मशीन सांगतं आणि त्यासाठी माणसं थांबतात. रेकमेंड करणाऱ्यांसाठी ते काम थांबत नाही. तुटलेलं रेकमेंड्स कुठल्यातरी यादीत दिसतं, हो, पण यादीत दिसणं वेगळं आणि वाट अडणं वेगळं.

बहुतेक पॅकेजांसाठी हे योग्यच आहे बरं का. एखाद्या संगीत प्लेअरने कव्हरचं चित्र शोधणारं पॅकेज रेकमेंड केलं आणि ते गेलं, तर काही बिघडत नाही, उलट त्यासाठी प्लेअर टेस्टिंगमध्ये अडकला तर मूर्खपणा होईल. माझा आक्षेप एकाच जागी आहे आणि ती जागा म्हणजे भाषेची टास्क पॅकेजं.

इन्स्टॉल करताना मराठी निवडलं की पॅकेजांचे गट निवडणारं टास्कसेल आपणहून मराठीची टास्क उचलतं, टास्क-मराठी, आणि डेस्कटॉप असेल तर टास्क-मराठी-डेस्कटॉप. या पॅकेजांच्या पोटात काहीच नसतं. एकही प्रोग्रॅम नाही, नुसती नात्यांची यादी. मराठीसाठी जे जे पाहिजे, लिब्रेऑफिसचं मराठी, फायरफॉक्सचं मराठी, असं सगळं यादीतून येतं, आणि ही नाती रेकमेंड्सची आहेत. का, ते मला समजतं. डिपेंड्स केलं असतं तर एका भाषांतराचं पॅकेज काही दिवस टेस्टिंगबाहेर गेलं की अख्खी टास्कच बसेनाशी झाली असती, आणि एखाद्याला त्यातला एक फॉन्ट नको असेल तर तो काढता आला नसता. निर्णय शहाणपणाचा आहे. पण परिणाम बघा. ज्या पॅकेजचं सगळं असणंच रेकमेंड्समध्ये आहे, त्याची तपासणी आपण फक्त डिपेंड्सवर करतोय. त्या यादीतली सगळी पॅकेजं उद्या आर्काइव्हमधून गेली तरी टास्क-मराठी-डेस्कटॉप व्यवस्थित बसेल, एकही एरर येणार नाही, डोस म्हणेल ठीक, ब्रिटनी म्हणेल ठीक, आणि बसलेलं असेल एक रिकामं पॅकेज. पुरणपोळीचं मघाशी म्हणाले ना, प्लेअरच्या बाबतीत तूप ते तूपच, पण इथे रेकमेंड्सच्या वाटीत पुरणच ठेवलंय आणि तपासणारा म्हणतो तुपाचं बघायची मला गरज नाही.

कोणी म्हणेल असं कुठे होतं. नावं बदलतात हो. फायरफॉक्सचंच बघा, २००६ मध्ये नावाच्या वादात ते डेबियनमध्ये आइसविझल झालं, २०१६ मध्ये परत फायरफॉक्स झालं, आणि प्रत्येक वेळी त्याच्या भाषांच्या पॅकेजांची नावंही सगळी फिरली. भारतीय फॉन्टांची पॅकेजं आधी टीटीएफ-इंडिक-फॉन्ट्स अशा नावाने होती, ती फॉन्ट्स-इंडिक अशी झाली. अशा वेळी जुन्या नावाचं एक रिकामं मधलं पॅकेज काही काळ ठेवतात, ते नव्याकडे बोट दाखवतं, आणि एक-दोन रिलीजनंतर ते काढून टाकतात. ज्याने डिपेंड्समध्ये जुनं नाव ठेवलंय तो त्या दिवशी तुटतो, लाल होतो, त्याला मेल जातो, तो दुरुस्त करतो. ज्याने रेकमेंड्समध्ये ठेवलंय त्याला काहीच होत नाही. ॲप्ट त्या नावाला शोधतं, मिळत नाही, आणि पुढे जातं. इंग्रजी, जर्मन, फ्रेंचमध्ये असं काही तुटलं तर आठवड्यात शंभर लोक ओरडतील. मराठीत कोण ओरडणार? गुरुजींना वाटतं आपल्याच हातून बिघडलं, आणि ते उठून जातात.

म्हणून मला वाटतं की जिथे ओरडणारी माणसं कमी तिथे मशीनची तपासणी जास्त कडक पाहिजे. आत्ता नेमकं उलटं आहे.

प्रायॉरिटीबद्दल अजून एक गोष्ट, मग मागणीकडे येते. इम्पॉर्टंट म्हणजे काय हे सांगताना पॉलिसीत एक कसोटी आहे, की एखाद्या अनुभवी युनिक्सवाल्याला सिस्टिममध्ये अमुक गोष्ट दिसली नाही आणि तो "हे काय चाललंय, ती कुठे गेली?" असं म्हणणार असेल तर ती गोष्ट इम्पॉर्टंट. मला ही कसोटी फार आवडते, कारण तिच्या मधोमध एक माणूस उभा आहे, त्याची अपेक्षा आहे, त्याचं चकित होणं आहे. फक्त तो माणूस एकच प्रकारचा आहे. माझं म्हणणं असं अजिबात नाही की देवनागरी फॉन्ट इम्पॉर्टंट किंवा स्टँडर्ड करा. कृपा करून तसं करू नका, लिनक्सच्या साध्या काळ्या कन्सोलवर देवनागरी जोडाक्षरं दिसतच नाहीत, इन्स्टॉलरसुद्धा मराठीत पाहिजे तर ग्राफिकलच घ्यावा लागतो, मग जगातल्या प्रत्येक सर्व्हरवर आमचे फॉन्ट कशाला. प्रायॉरिटी वर चढवून प्रश्न सुटत नाही हे तर लायब्ऱ्यांच्या वेळी सगळ्यांनी बघितलंच आहे. मला फक्त ती कसोटी भाषेच्या टास्कला लावायची आहे. मराठी निवडून सिस्टिम बसवणारा माणूस काय नसलं तर "हे काय चाललंय" म्हणेल? अक्षरं दिसली नाहीत तर. टाइप करता आलं नाही तर. बस, एवढ्याच दोन गोष्टी आहेत, मेनू इंग्रजीत राहिला तरी आमचे लोक चालवून घेतात.

तर पहिली विनंती रिलीज टीमला आणि क्वालिटी टीमला. ज्या पॅकेजांच्या पोटात काही नाही आणि जी फक्त नात्यांसाठी आहेत, त्यातही निदान टास्कसेलमधून आलेली भाषेची पॅकेजं, त्यांच्यासाठी न मिळणारं रेकमेंड्स हे न मिळणाऱ्या डिपेंड्ससारखं धरा. लगेच अडवायला नको असेल तर अडवू नका, पण आपोआप बग उघडू दे, सांभाळणाऱ्यांना मेल जाऊ दे, आणि पॅकेज काढताना "याला अमुक भाषेची टास्क रेकमेंड करते" एवढी एक ओळ काढणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येऊ दे. सॉल्व्हर तोच, आर्काइव्ह तेच, प्रश्न थोडा बदलून विचारायचा. ६९ हजारातली अगदी मूठभर पॅकेजं आहेत ही.

दुसरी विनंती जास्त महत्त्वाची, आणि तिथे मी कामही करायला तयार आहे. नाव आर्काइव्हमध्ये आहे म्हणजे अक्षर दिसतं असं नाही. फॉन्टचं पॅकेज आहे पण त्यातला मराठीला लागणारा भागच तुटला, तर नात्यांची कुठलीच तपासणी ते पकडणार नाही. त्यासाठी ऑटोपीकेजीटेस्ट आहे ना, प्रत्येक पॅकेजसोबत टेस्ट ठेवता येते, ती मशीन स्वतः चालवतं, आणि आधी पास होणारी टेस्ट नव्या व्हर्जनमुळे नापास झाली तर ब्रिटनी ते व्हर्जन अडवते. ही सोय भाषेच्या टास्कला लावा.

यात एक खाच आहे ती लक्षात घ्या, मीही पहिल्यांदा तिथेच फसले होते. ऑटोपीकेजीटेस्ट टेस्टसाठी पॅकेजं बसवताना मुळात रेकमेंड्स घेतच नाही, टेस्टच्या कंट्रोल फाइलमध्ये ते वेगळं मागावं लागतं; त्यासाठी पूर्वी नीड्स-रेकमेंड्स असं लिहायचे, आता ते जुनं ठरवून टेस्टच्या डिपेंड्समध्ये @recommends@ लिहायला सांगतात. नीड्स-रेकमेंड्स लिहिलं तरी ॲप्ट न मिळणारं रेकमेंड्स मुकाट सोडून देतं, त्यामुळे "टास्क बसली" एवढ्यावर टेस्ट पास धरली तर ती कायमच पास होणार. टेस्टने शेवटाला जाऊन बघायला पाहिजे. म्हणजे टास्क बसवा, मग एफसी-लिस्टला, म्हणजे फॉन्टांची यादी देणाऱ्या कमांडला, विचारा की मराठी येणारा एक तरी फॉन्ट आहे का, तिच्यामागच्या फॉन्टकॉन्फिगला मराठीला कुठली अक्षरं लागतात ते माहीत असतं. आणि मग अक्षरांच्या आकृत्या जोडणाऱ्या हार्फबझचं एचबी-शेप घेऊन काही मराठी शब्द त्या फॉन्टमधून काढा आणि उत्तरात नॉटडेफ, म्हणजे ती रिकामी चौकट, येते का ते बघा. आली तर नापास. दहा-पंधरा ओळींची स्क्रिप्ट आहे.

शब्द कुठले घ्यायचे तेही मी काढून ठेवलेत, कारण हे काम मराठी माणसानेच करायला पाहिजे. नुसतं क ख ग घेऊन चालणार नाही, ते हिंदीच्या टेस्टमध्येही येईल. ळ पाहिजे, बाळ, सकाळ, टिळक. ॲ आणि ऑ पाहिजे, ॲप, ऑफिस, हे तर आता रोजच्या लिहिण्यातले आहेत आणि ॲ युनिकोडमध्ये बऱ्याच उशिरा आला, त्यामुळे जुन्या फॉन्टात तो नसतो. सगळ्यात महत्त्वाचा आडवा र, जो ऱ्हस्व लिहिताना, दुसऱ्या, वाऱ्यावर, सुऱ्या लिहिताना आपण वापरतो. हिंदीत याची गरज पडत नाही म्हणून हिंदी बघणाऱ्याला तो तुटलेला कळणारही नाही, आणि मराठीत आचार्यांना आणि आचाऱ्यांना यात स्वयंपाकघर आणि गुरुकुल एवढा फरक आहे. इथे नुसती नॉटडेफची तपासणी पुरत नाही, कारण आकृती जोडली नाही तरी चौकट येत नाही, सुटा ऱ आणि खाली हलंत असं काहीतरी येतं, तेव्हा एका शब्दाला किती ग्लिफ, म्हणजे सुट्या आकृत्या, निघाले तेही बघायला लागेल. आणि ल, श यांची मराठी वळणं हिंदीपेक्षा वेगळी, त्यासाठीच तर लोहित फॉन्टचं मराठीसाठी वेगळं पॅकेज आहे, पण वळणाची तपासणी मी पहिल्या टेस्टमध्ये धरणार नाही, कारण वळण चुकलं तरी वाचता येतं आणि मला आधी वाचता येण्याचं बघायचंय.

हे सगळं फक्त मराठीपुरतं नाही हे वेगळं सांगायला नको. एकदा सांगाडा झाला की बंगाली, तमिळ, मल्याळम, नेपाळी, प्रत्येकाने आपापले वीस शब्द घालायचे. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये तुमची डेबकॉन्फ ही परिषद कोचीला झाली, म्हणजे हे शब्द देणारी माणसं तुमच्यातच आहेत, शोधायला लांब जायला नको. शिवाय डेबियनमध्ये तुटलेलं डेबियनपुरतं राहत नाही. उबुंटू त्यावर उभं, आपल्या सीडॅकचं बॉस लिनक्स त्यावर उभं, म्हणजे एका टास्कचं रेकमेंड्स वर तुटलं तर खाली कुठल्या कुठल्या ऑफिसात, शाळेत चौकटी दिसतील त्याचा हिशोब नाही.

मला माहितीय तुम्ही सगळे स्वयंसेवक आहात. टास्कसेल सांभाळणाऱ्यांना अजून पन्नास टेस्टचं ओझं नको असेल, आणि एखादी भाषेची टेस्ट रिलीजच्या तोंडावर नापास झाली आणि ती भाषा येणारं कोणी सापडलं नाही तर काय करायचं हा प्रश्नही खरा आहे. त्यावर माझं उत्तर एवढंच की टेस्टच्या फाइलमध्ये त्या भाषेचा एक माणूस लिहून ठेवा, आणि तो उत्तर देत नसेल तर ती टेस्ट सूचना म्हणून ठेवा, अडवणारी करू नका. मराठीसाठी तो माणूस मी. इमेज बनवणाऱ्यांनाही एक सांगणं आहे, जागा वाचवायला रेकमेंड्स बंद करत असाल तर खुशाल करा, पण मग भाषेच्या टास्कमधली पॅकेजं नाव घेऊन हाताने टाका, आमच्याकडे आता तसंच करतो आणि बाराही पीसींवर ती स्क्रिप्ट रोज सकाळी वाचनालय उघडायच्या आधी चालते.

स्क्रिप्टमध्ये सध्या ४० शब्द आहेत. पहिला शब्द गुरुजींनी सुचवला, ते परत यायला लागलेत, त्यांना मी सगळं समजावून सांगितलं की त्या दिवशी तुमच्या हातून काही बिघडलं नव्हतं. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "मग 'विद्यार्थ्यांच्या' घाल, त्यात एका शब्दात सगळं येतं." मी घातला. तुमच्यापैकी कोणाला अजून कठीण शब्द सुचत असेल तर सांगा, आणि टास्कसेलमध्ये ही टेस्ट कुठल्या डिरेक्टरीत, कुठल्या नावाने ठेवायची ते जाणणारं कोणी असेल तर तेही सांगा, पॅच तयार आहे.

आपली,
एका वाचनालयाचे बारा पीसी बघणारी, सांगली जिल्हा